फॉर्मॅट मारायच्या आधी थांबा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पेपरात डिजिटल अरेस्ट, ओटीपी, खोट्या शेअर ट्रेडिंग अॅपच्या बातम्या जवळजवळ रोज येतात आणि त्याचा उपयोग होतोय, आमच्या सोसायटीतले आजी-आजोबा आता अनोळखी नंबरचा व्हिडिओ कॉल उचलत नाहीत. पण रॅन्समवेअर, म्हणजे फायली लॉक करून त्या सोडवायचे पैसे मागणारा व्हायरस, हा एक प्रकार असा आहे की तो मोठ्या ठिकाणी झाला तरच बातमी होते. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सचा सर्व्हर गेला तेव्हा झाली, त्याआधी जून २०१७ मध्ये जेएनपीटीचं एक टर्मिनल बंद पडलं, ज्या बंदरातून आपल्याकडचा कांदा नि द्राक्षं परदेशी जातात, तेव्हाही झाली. घरातल्या कॉम्प्युटरवर तोच प्रकार होतो तेव्हा मात्र कोणालाच कळत नाही, कारण घरचे लोक कॉम्प्युटर उचलतात, जवळच्या दुकानात नेतात, दुकानदार म्हणतो "काही टेन्शन घेऊ नका, फॉर्मॅट मारून देतो", आणि तासा-दोन तासात विषय संपतो. माझं हे पत्र त्या एका वाक्यासाठी आहे. ते वाक्य ऐकल्यावर माणसाने नाही म्हणायला शिकलं पाहिजे.

मी इंदिरानगरला कॉम्प्युटर क्लास घेते. विद्यार्थी बारा वर्षांचेही आहेत आणि रिटायर झालेलेही, त्यामुळे घराघरातल्या कॉम्प्युटरच्या कहाण्या माझ्यापर्यंत येतात.

ज्यांनी हे बघितलं नाही त्यांच्यासाठी सांगते. एक दिवस फोटो उघडत नाही, वर्डची फाईल उघडत नाही, नीट बघितलं तर प्रत्येक फाईलच्या नावामागे नवीनच चार अक्षरांची शेपटी लागलेली असते आणि प्रत्येक फोल्डरमध्ये रीडमी नावाची एक छोटी टेक्स्ट फाईल पडलेली असते. त्यात इंग्रजीत लिहिलेलं असतं की तुमच्या सगळ्या फायली आम्ही लॉक केल्यात, ९८० डॉलर द्या, ७२ तासांच्या आत बोललात तर निम्म्यात म्हणजे ४९० डॉलरमध्ये सोडवून देतो. घरगुती कॉम्प्युटरवर गेल्या काही वर्षांत जो प्रकार सगळ्यात जास्त फिरला त्याचं नाव स्टॉप किंवा डीजेव्हीयू, आणि ही चिठ्ठी त्याचीच, पुढे आकडा ९९९ आणि ४९९ झाला एवढाच फरक. ९८० डॉलर म्हणजे आपले पाऊण लाखाच्या वर. सर्वसाधारण घरात कॉम्प्युटरचीच किंमत तेवढी नसते.

आता खरा मुद्दा. फायली लॉक झाल्यात म्हणजे त्या गेल्या असं नाही. त्या तिथेच आहेत, पूर्ण आहेत, फक्त किल्ली आपल्याकडे नाही. फॉर्मॅट मारलं, म्हणजे डिस्क पुसून टाकली, की मग त्या खरोखर जातात. चोराने आपल्या घराला बाहेरून कुलूप घातलं म्हणून कोणी बुलडोझर बोलावत नाही, पण कॉम्प्युटरच्या बाबतीत आपण नेमकं हेच करतोय आणि वर त्याचे पैसेही मोजतोय.

नाशिकरोडच्या माझ्या एका विद्यार्थिनीच्या घरी काय झालं ते ऐका. तिचे वडील प्रेसमधून रिटायर झालेले, त्यांनी नर्मदा परिक्रमा केली तेव्हाचे सगळे फोटो, डायरी टाइप केलेली, पेन्शनचे कागद स्कॅन केलेले, सगळं त्या एका कॉम्प्युटरवर. फायली लॉक झाल्या त्याच संध्याकाळी ते दुकानात घेऊन गेले, तिथे फॉर्मॅट मारून नवीन विंडोज टाकून मिळालं. तिला हे साधं व्हायरसचंच काहीतरी वाटलं म्हणून ती क्लासमध्ये बोललीच नाही. नंतर कधीतरी तिने एक पेनड्राइव्ह आणला, म्हणाली मॅडम ह्यातल्या फायली उघडत नाहीत. तो पेनड्राइव्ह त्या दिवशी कॉम्प्युटरलाच लावलेला होता त्यामुळे तोही लॉक झाला होता आणि चिठ्ठीसुद्धा त्यात होती. चिठ्ठीत शेवटी एक लांबलचक आयडी असतो, त्याची शेवटची दोन अक्षरं इंग्रजी टी आणि आकडा १ अशी होती. ही फार महत्त्वाची खूण आहे, तिचा अर्थ किल्ली ऑफलाइन प्रकारची आहे. हा व्हायरस आधी आपल्या टोळीच्या सर्व्हरशी बोलायचा प्रयत्न करतो आणि सर्व्हर लागला तर त्या कॉम्प्युटरसाठी वेगळी किल्ली बनते जी फक्त टोळीकडे राहते, पण सर्व्हर लागला नाही तर तो स्वतःमध्येच असलेली ठरावीक किल्ली वापरतो आणि ती किल्ली त्या प्रकारच्या सगळ्या ऑफलाइन बळींना सारखीच असते. म्हणजे जगात कुठेतरी एकाची किल्ली तज्ज्ञांच्या हाती लागली की बाकीच्यांच्या फायलीही उघडतात. एमसीसॉफ्ट नावाच्या कंपनीने ऑक्टोबर २०१९ मध्ये ह्यासाठी फुकट टूल काढलं, तेव्हाच ते जुन्या १४८ प्रकारांवर चालत होतं, आणि नंतरच्या प्रकारांच्या ज्या ऑफलाइन किल्ल्या सापडल्या त्या त्यात घातल्या गेल्या. आम्ही ते टूल चालवलं आणि पेनड्राइव्हवरच्या फायली एकामागून एक उघडल्या. वर्गात सगळे उभे राहून बघत होते. मग तिने विचारलं की घरच्या कॉम्प्युटरवरच्या पण उघडतील ना, आणि मला सांगावं लागलं की त्या उघडल्या असत्या, हीच किल्ली चालली असती, पण आता त्या फायलीच नाहीत. त्यात एसएसडी म्हणजे नव्या प्रकारची, चिपवर चालणारी डिस्क होती, एसएसडीवर फॉर्मॅट झालं की रिकव्हरी सॉफ्टवेअरला सहसा काही सापडत नाही.

त्या काकांनी कोणतीच चूक केली नव्हती. त्यांना जाणकार म्हणून ज्याच्याकडे जायचं माहिती होतं त्याच्याकडे ते गेले.

मला दुकानदारांना वाईट म्हणायचं नाही, त्यांच्याकडे रोज दहा मशीन येतात, ग्राहकाला संध्याकाळपर्यंत चालू कॉम्प्युटर पाहिजे असतो, आणि फॉर्मॅट हा नव्वद टक्के दुखण्यांवर खरंच इलाज असतो. पण ह्या दुखण्यावर नाही. त्यांनी एवढंच करावं, जुनी डिस्क काढून ग्राहकाच्या हातात द्यावी आणि नवीन डिस्कवर विंडोज टाकावं. डिस्कचे पैसे ग्राहक देईल, दुकानाचा धंदाही होईल. आणि नवीन डिस्क परवडत नसेल तर निदान लॉक झालेल्या फायली, ती चिठ्ठी, आणि सी ड्राइव्हवर सिस्टीमआयडी नावाचं फोल्डर असतं त्यातली पर्सनलआयडीची टेक्स्ट फाईल, एवढं बाहेरच्या डिस्कवर कॉपी करून मगच फॉर्मॅट मारावं. ती चिठ्ठी आणि आयडीची फाईल दोन्ही नसतील तर पुढे किल्ली कोणती हे शोधायचं तरी कशावरून?

लोक मला विचारतात की लॉक झालेलं सामान किती दिवस सांभाळायचं. मी म्हणते जितकं जमेल तितकं, कारण ह्याआधी असं झालेलं आहे. टेस्लाक्रिप्ट नावाचं रॅन्समवेअर होतं, मे २०१६ मध्ये त्या टोळीने दुकान बंद करताना स्वतःच मास्टर किल्ली जाहीर केली. गँडक्रॅबच्या मास्टर किल्ल्या २०१९ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयने जाहीर केल्या. शेड नावाच्या टोळीने एप्रिल २०२० मध्ये साडेसात लाख किल्ल्या एकदम सोडल्या. ज्यांनी लॉक झालेल्या फायली ठेवल्या होत्या त्यांचं सामान परत आलं, ज्यांनी फॉर्मॅट मारलं त्यांना त्या बातमीचा काय उपयोग.

दुसरं उदाहरण माझ्या मावसबहिणीचं, सिडकोत राहते, तिचे मिस्टर घरूनच लग्नपत्रिका आणि फ्लेक्सचं डिझाइन करतात. तिथे मुलाने डिझाइनच्या एका सॉफ्टवेअरचा क्रॅक, म्हणजे पैसे न भरता ते चालवायचा चोरटा जुगाड, डाउनलोड केला, स्क्रीनवर विंडोज अपडेट चालू असल्यासारखी खिडकी आली म्हणून सगळे थांबले की अपडेट होऊ दे. ती खिडकी खोटी असते, तिच्यामागे फायली लॉक होत असतात. बहिणीचा फोन आला तेव्हा मी पहिलं सांगितलं की राउटर बंद करा आणि जे काही लावलंय ते काढा, पेनड्राइव्ह, बाहेरची हार्डडिस्क, मोबाइलची केबल, सगळं. कारण हा व्हायरस एकदा काम करून गप्प बसत नाही, दर पाच मिनिटांनी परत उठायची सोय तो विंडोजमध्ये करून ठेवतो आणि नवीन फाईल दिसली की तीही लॉक करतो. पुष्कळ जण इथेच फसतात, घाबरून बॅकअपची डिस्क आणतात आणि त्याच मशीनला लावतात, मग बॅकअपही जातो. त्यांचा बॅकअप कपाटात होता आणि तो तिथेच राहिला हे नशीब, जरी तो बऱ्याच जुन्या तारखेचा होता.

त्यांची किल्ली ऑनलाइन प्रकारची निघाली, म्हणजे टूल चालणार नाही. तरीसुद्धा बरंच हाती लागलं आणि ते कसं हे लोकांना कळावं म्हणून सविस्तर लिहिते. हा डीजेव्हीयू प्रकार वेगात काम उरकायचं म्हणून अख्खी फाईल लॉक करत नाही, प्रत्येक फाईलचा सुरुवातीचा साधारण १५० केबीचा भागच लॉक करतो. फोटो, वर्डची फाईल छोटी असते त्यामुळे तिचं भारी नुकसान होतं, पण शेकडो एमबीच्या व्हिडिओत दीडशे केबी म्हणजे काहीच नाही. त्याच कॅमेऱ्याने काढलेला दुसरा एखादा चांगला व्हिडिओ नमुना म्हणून दिला की खराब व्हिडिओ दुरुस्त करणारी फुकट टूल मिळतात, त्यातून मुलीच्या बारशाचा आणि मुलाच्या मुंजीचा व्हिडिओ परत आला. गाण्यांच्या फायली तर नुसती मागची शेपटी काढून टाकली तरी वाजायला लागल्या. भावजींनी जुन्या गिऱ्हाइकांच्या पत्रिका वर्षवार झिप करून ठेवल्या होत्या, त्या झिपमधली पहिली एखादी फाईल गेली आणि बाकीच्या सगळ्या निघाल्या. फोटो नातेवाइकांच्या व्हॉट्सअॅपवरून आणि जुन्या मोबाइलमधून गोळा केले. एक गोष्ट अजून अडकलेली आहे, तिच्या सासऱ्यांनी त्र्यंबकच्या गुरुजींच्या वहीतून उतरवून घेतलेली घराण्याची वंशावळ, ती टाइप केलेली एकच प्रत होती. ती डिस्क त्यांनी तशीच ठेवलीय, वर तारीख आणि व्हायरसचं नाव लिहिलंय, आणि नवीन किल्ल्या आल्या का हे मी अधूनमधून बघते.

पैसे द्यावेत का हा प्रश्न प्रत्येक घरात येतो. माझं मत स्पष्ट आहे, देऊ नयेत. किल्ली मिळेलच ह्याची कोणीही खात्री देत नाही, चोराशी झालेल्या व्यवहाराची पावती नसते, आणि आपण दिलेल्या पैशातून पुढचं घर लॉक होतं. २०१७ च्या ज्या नॉटपेट्या नावाच्या व्हायरसने जेएनपीटीचं टर्मिनल बंद पाडलं त्यात तर पैसे भरूनही फायली उघडायची सोयच नव्हती. मुलांच्या परीक्षेचा प्रोजेक्ट किंवा वारलेल्या माणसाचे फोटो अडकले की मन कसं होतं ते मी बघितलंय, म्हणून कोणी पैसे भरले तर त्याला मी दोष देणार नाही, पण भरण्याआधी फुकटचे सगळे मार्ग बघून झालेत का एवढं विचारेन.

फुकटचा पहिला मार्ग म्हणजे नो मोअर रॅन्सम ही वेबसाइट, नेदरलँड्सचे पोलीस, युरोपोल ही युरोपची पोलीस संस्था आणि दोन सिक्युरिटी कंपन्यांनी जुलै २०१६ मध्ये सुरू केली. दुसऱ्या चांगल्या कॉम्प्युटरवरून तिथे जायचं, लॉक झालेल्या एक-दोन बिनमहत्त्वाच्या फायली आणि ती चिठ्ठी अपलोड करायची, की ती साइट सांगते हा कोणता प्रकार आहे आणि त्यावर टूल आहे का. शंभराहून जास्त टूल तिथे आहेत आणि एकाचेही पैसे नाहीत. टूल घ्यायचं तर तिथूनच घ्या. सर्च करून जे पहिलं दिसेल ते घेऊ नका, कारण २०२० मध्ये झोरॅब नावाचं एक रॅन्समवेअर डीजेव्हीयूचं कुलूप उघडणारं टूल असल्याचं सोंग घेऊन फिरत होतं, आधीच लॉक झालेल्या फायली ते परत एकदा लॉक करायचं. तसंच कोणी फोनवर म्हणालं की आम्ही शंभर टक्के उघडून देतो, ॲडव्हान्स पाठवा, तर ठेवून द्या फोन.

अजून एक, अँटिव्हायरसने साफ केलं की फायली उघडतील असं अनेकांना वाटतं. व्हायरस निघतो, कुलूप राहतं. पण साफ करणं गरजेचं आहे, नाहीतर उघडलेल्या फायली पुन्हा लॉक होतील. आणि ह्या डीजेव्हीयूबरोबर बऱ्याच वेळा पासवर्ड चोरणारा दुसरा प्रोग्रॅमही येतो, ब्राउझरमध्ये सेव्ह केलेले बँकेचे, ईमेलचे पासवर्ड तो उचलून नेतो. त्यामुळे त्याच दिवशी, त्या मशीनवरून नाही तर मोबाइलवरून, सगळे पासवर्ड बदलायचे. फायलींच्या दुःखात हे राहून जातं आणि मग महिन्याभराने बँकेचा मेसेज येतो.

हे येतं कुठून ह्याबद्दलही बोललं पाहिजे, जरी काही जणांना ते आवडणार नाही. घरगुती कॉम्प्युटरवर हा प्रकार मुख्यतः क्रॅक केलेल्या सॉफ्टवेअरमधून येतो. क्रॅक डाउनलोड केला की त्याच्याबरोबर सूचना असते, आधी अँटिव्हायरस बंद करा. म्हणजे वॉचमनला आपणच घरी पाठवायचं. आपल्या शहरात असेंबल केलेला कॉम्प्युटर घेतला की विंडोज, ऑफिस, फोटोचं सॉफ्टवेअर सगळं "टाकून" मिळतं, लोकांना वाटतं ते किमतीतच आहे, आणि मग मुलंही तेच शिकतात की सॉफ्टवेअर असंच मिळवायचं असतं. मुलांना ओरडून काय होणार? मी क्लासमध्ये ऑफिसच्या जागी लिबरऑफिस, डिझाइनसाठी इंकस्केप, फोटोसाठी गिम्प शिकवते, तिन्ही फुकट आणि कायदेशीर, पत्रिका नि फ्लेक्सचं बरंचसं काम त्यात होतं, युनिकोड मराठी चालतं. सुरुवातीला सगळे कुरकुर करतात की बटणं वेगळीकडे आहेत, मग सवय होते. शिवाय १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपलाय आणि पुष्कळ घरांत अजून तेच आहे, त्यांनी पुढची सोय बघायला हवी. विंडोजमध्ये कंट्रोल्ड फोल्डर अॅक्सेस नावाची सोय आधीपासून असते, ती अनोळखी प्रोग्रॅमला आपल्या फायली बदलू देत नाही, पण बंद असते, विंडोज सिक्युरिटीमध्ये रॅन्समवेअर प्रोटेक्शन असं लिहिलेलं सापडेल, तिथे जाऊन चालू करा. चालू केल्यावर एखादं नेहमीचं सॉफ्टवेअर अडेल, त्याला परवानगी देता येते.

आणि बॅकअप. बॅकअप म्हणजे कायम लावून ठेवलेली डिस्क नाही, ती कॉम्प्युटरबरोबरच जाते. कॉपी करायची, काढायची, कपाटात ठेवायची. माझ्या क्लासमध्ये मी दर संकष्टीला बॅकअप घ्यायला सांगते, महिन्यातून एकदा येते आणि घरात कोणी ना कोणी आठवण करून देतंच. गुगल ड्राइव्ह वापरणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा की लॉक झालेली फाईल तिथेही जाऊन बसते, पण जुनी आवृत्ती साधारण ३० दिवस मिळते, त्यामुळे उशीर करू नका.

पोलिसांकडे जायचं का, तर हो. पैसे गेले नाहीत म्हणजे गुन्हा नाही असं लोक समजतात, ते चूक आहे. आयटी कायदा २००० च्या कलम ६६ खाली हा गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आपल्या शहरात सायबर पोलीस स्टेशन आहे, सरकारचं सायबर क्राइमचं ऑनलाइन पोर्टल आहे, आणि बँकेतून पैसे गेले असतील किंवा खंडणी भरली गेली असेल तर वेळ न घालवता १९३० ह्या सायबर हेल्पलाइनला फोन करायचा. घराघरातून तक्रारी गेल्याच नाहीत तर नाशिकमध्ये हा प्रकार किती आहे हे पोलिसांना तरी कसं कळणार, आणि जनजागृतीच्या कार्यक्रमात ओटीपीच्या जोडीला हा विषय येणार कसा?

संपादक महोदय, माझी विनंती आहे की तुम्ही सायबर फसवणुकीवर जे चौकटीत छापता त्यात एकदा हे छापा. आणि शहरातल्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानदारांना तुमच्या मार्फत हात जोडून सांगते की अशी केस आली की फॉर्मॅटच्या आधी ग्राहकाला विचारा, तुमचा बॅकअप आहे का, नसेल तर जुनी डिस्क ठेवायची का. ग्राहकाने तक्रार द्यायला जाताना चिठ्ठीची फाईल, आयडीची फाईल, स्क्रीनचे फोटो, क्रॅक कुठून आणि कधी डाउनलोड झाला त्याची नोंद, एवढं घेऊन जावं, आणि डिस्क कोणालाही पुसायला देऊ नये, पोलिसांनी मागितली तर पोहोच घेऊनच द्यावी.

आपली नियमित वाचक,
एक कॉम्प्युटर शिक्षिका,
इंदिरानगर, नाशिक